शेवटचा गडी मागे बघतो

शनिवार, ६ नोव्हेंबर १९७६

रॉइस सामन्यांच्या फिल्मची रिळं घेऊन आला. बुटांना लाल चिखल, आणि माझी फरशी आत्ताच पुसलेली. शाळेच्या फुटबॉल टीमच्या चाळीस पोरांना एका रेषेत उभं करतो म्हणे हा कोच. स्वतःच्या आईच्या दारातलं पायपुसणं दिसत नाही.

दर शनिवारचं आहे हे. पुढच्या शुक्रवारी जिच्याशी खेळायचं त्या टीमचा कोच आणि रॉइस अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर भेटतात. दोन रिळं द्यायची, दोन घ्यायची. गाडीतून उतरतसुद्धा नाहीत, खिडकीतून खिडकीत डबे. मग प्रोजेक्टर माझ्या बैठकीत, कारण अख्ख्या बर्डीन गावात मोकळी पांढरी भिंत माझ्याच घरात आहे. बाकीच्यांनी हरणांची डोकी टांगून ठेवलीत.

माझं काम मोजायचं. तिसरीतून शाळा सुटली ती कापूस वेचायला, पण मोजण्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही. छोट्या केकचा साचा घ्यायचा, बारा खळग्यांचा. बॉल काखेत मारून घुसले की मक्याचा दाणा. फेकला की राजम्याचा. कुठे फेकला त्याप्रमाणे खळगा. अकरा वर्षं मोजतेय. रॉइसचा पगारी मदतनीस सोळाच्या पुढे गडबडतो.

आपल्या भागातल्या सगळ्या टीम घुसणाऱ्या. बैलासारखं डोकं खाली आणि चल पुढे. पण ही अल्कली वेल्सची टीम! पहिलं रीळ संपलं तेव्हा मका सात. राजमा एक्केचाळीस.

मी साचा रॉइसपुढे सरकवला. त्याने खळग्यातले दाणे बोटाने मोजले. मग म्हणाला, “आई, तू चुकली नाहीस ना?”

घराबाहेर काढला असता त्याला. पण ॲपल पाय भाजून ठेवलेला बाकी होता.


रविवार, ७ नोव्हेंबर

चर्चमध्ये पाद्रीबुवा लांबले. घरी येऊन दुसरं रीळ लावलं. रॉइस, त्याचा लॅनी आणि मी.

लॅनी माझा नातू, आणि रॉइसच्या टीममधला सगळ्यात पळणारा पोरगा. म्हणून त्याला सगळ्यात मागे उभं करतात. बाकी दहा फुटले तर अकरावा हा. ह्याच्या मागे कोणी नाही, नुसती रेषा. ती त्यांनी बॉल घेऊन ओलांडली की गुण त्यांचे.

रॉइसने बेत सांगितला. बॉल फेकणाऱ्यावर एकदम सात-आठ जण सोडायचे. त्याला मान वर करायला वेळच द्यायचा नाही. मग मागे राहणार एकटा लॅनी. “हा पुरेल,” म्हणाला. लॅनीची छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण मला शिवायला लागेल.

दाणे टाकता टाकता मला एक दिसलं. फेकणाऱ्या टीमची फिल्म काढणारा माणूस कॅमेरा लांब धरतो, कारण बॉल कुठे जाणार त्यालाही माहीत नसतं. त्यामुळे एरवी न दिसणारा शेवटचा गडीसुद्धा दिसतो. एकटाच, चौकटीच्या कडेला. सगळे बॉल बघतात. मी मोजणारी, मी सगळेच बघते.

चार क्वार्टरचा सामना. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अल्कली वेल्सच्या विरुद्ध खेळणाऱ्यांचा तो शेवटचा पोरगा मागे वळून बघतो. खेळ चालू, सगळे पुढे, आणि हा मान वळवून मागे. मागे काही नाही. कुंपण आणि कुंपणापलीकडे ज्वारीची खुंटं.

दोनदा बघितलं त्याने. तिसऱ्यांदा बघत असतानाच बॉल त्याच्या डोक्यावरून गेला.

मी रॉइसला म्हटलं, हे उलटं फिरव. त्याने फिरवलं. “माशी असेल,” म्हणाला.


रविवार, संध्याकाळ

कालचं रीळ पुन्हा लावलं, एकटीने. वेगळं गाव, वेगळं मैदान, वेगळी टीम. त्यांचाही शेवटचा पोरगा तिसऱ्या क्वार्टरमध्ये मागे बघतो.

ह्या वेळी माशी मोठीच असणार.


सोमवार, ८ नोव्हेंबर

रॉइसला कामाला लावलं. ओळखीतून आणखी एक रीळ मागव म्हटलं, सप्टेंबरमधलं, अल्कली वेल्स विरुद्ध ड्राय लेक. कशाला म्हणाला. म्हटलं, राजमा कमी पडतोय. दुपारी शाळेच्या बसवाल्याबरोबर डबा आला.

पहिली दोन क्वार्टर मी बॉल बघितलाच नाही. दाणे खळग्यात टाकले, पण डोळा ड्राय लेकच्या त्या शेवटच्या एकट्या पोरावर. लांब पायांचा, बारा नंबर. मस्त खेळत होता. दोन बॉल हवेतून काढून घेतले त्याने! तिसरं क्वार्टर लागलं आणि मी खुर्चीवरून उठले. का उठले माहीत नाही.

तो मान वाकडी करून उभा. कोणीतरी मागून कानाशी बोलत असावं आणि नीट ऐकू येत नसावं, तशी. मग त्याने हो म्हणून मान हलवली.

मागे रिकामं मैदान.

प्रोजेक्टर बंद केला. भिंत पांढरी झाली. मी भांडी घासली. खरं तर भांडी स्वच्छच होती.


मंगळवार, ९ नोव्हेंबर

ड्राय लेकला फोन लावला. तिथे नोरीन आहे, कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही एकत्र कामाला होतो, जीभ माझ्यासारखीच. बारा नंबर कोणाचा म्हटलं. का विचारतेस म्हणाली. नोरीन उलट विचारते म्हणजे काहीतरी आहे. मग म्हणाली, माझ्याच मुलीचा, कर्टिस.

हळूहळू सांगितलं तिने. कर्टिस आता खेळत नाही. शाळेतही जात नाही. कोठीत बसून जेवतो, पाठ फळ्यांना लावून. दार उघडं चालतं, पण पाठीमागे मोकळी जागा चालत नाही. डॉक्टर म्हणाले डोक्याला मार बसला असेल. मार कुठेच बसलेला नाही, तिने स्वतः चाचपलं.

मी म्हटलं, त्याला फोनवर दे. ती नको म्हणाली. मी म्हटलं, नोरीन, माझा नातू शुक्रवारी त्याच जागेवर उभा राहणार आहे.

तिने दिला.

चांगला पोरगा. आवाज मोठ्या माणसाचा. मी विचारलं तेवढंच बोलला. मैदानात कोणीतरी मागून सांगत होतं म्हणाला, बॉल कुठे येणार ते. “आपलाच कोणीतरी मागे आहे असं वाटलं, बाई. बरं वाटलं. मी एकटाच होतो ना तिथे.”

पहिल्यांदा उजवीकडे म्हणालं. बॉल उजवीकडे आला. नंतर मध्ये म्हणालं, मध्ये आला. मग कोण आहे ते बघायला हा वळला. कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा डावीकडे म्हणालं. हा डावीकडे धावला, आणि बॉल उजवीकडे पडला.

मी विचारलं, मग?

“मग काही नाही. ते अजून सांगतंय.”

काय सांगतंय, विचारलं. तर म्हणाला, तुम्ही फोन करणार ते सकाळीच सांगितलं.

नोरीनने फोन काढून घेतला. ती रडत होती. मी नाही रडले. रडून काय होतंय? नंतर स्टोव्हजवळच्या स्टुलावर बसले, पाठ भिंतीला लावून. हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.


बुधवार, १० नोव्हेंबर

रॉइसशी कडाक्याचं भांडण.

सगळं सांगितलं त्याला. नोरीन, कर्टिस, तीन रिळं. त्याने ऐकून घेतलं, टोपी हातात फिरवत. मग म्हणाला, हरलेली पोरं काहीही सांगतात. म्हटलं, तीन मैदानं, तीन पोरं, एकच क्वार्टर. म्हणाला, दमलेली असतात तेव्हा. म्हटलं, मागे दोघं ठेव. लॅनीला एकटा ठेवू नको, एवढंच म्हणतेय.

तो समजावायला लागला मला! मागे दुसरा ठेवला की पुढे एक कमी. एक कमी म्हणजे फेकणाऱ्याला वेळ. वेळ मिळाला की तो आपल्याला भाजून खाणार. ह्यांना हरवलं तर पुढच्या फेरीत जातो आपण. बर्डीन एकोणीस वर्षांत गेलेलं नाही. “आणि आई, तो माझाच मुलगा आहे. मला काळजी नाही असं वाटतं तुला?”

मी म्हटलं, तुला काळजी आहे रे. तुझी नजर बॉलवर आहे एवढंच.

चिडून उठला. दारापर्यंत गेल्यावर मी सांगितलं की मला त्यांची खूण सापडली आहे.

थांबला. थांबणारच.

खूण खरोखर सापडली होती. रविवारीच. सांगितली नव्हती, कारण हुकमाचा पत्ता हातात ठेवायचा असतो. फेकणाऱ्याच्या बाजूला एक ठेंगणा गडी उभा असतो, बत्तीस नंबर. त्याचे हात गुडघ्यांवर असले की तो तिथेच थांबून फेकणाऱ्याला राखणार, म्हणजे पास लांबचा. हात मोकळे लोंबत असले की हा पळणार, म्हणजे पास जवळचा. सत्तावीस वेळा मोजलं, पंचवीस वेळा बरोबर. कळलं ना, मग दर वेळी आठ जण सोडायची गरजच नाही. लांबचा असेल तेव्हाच सोडा, वेळ लागतो त्यांना तेव्हा. जवळच्याला सगळे जागेवर.

हे सगळं मी त्याला सांगितलं, फक्त कोणता गडी आणि कोणती खूण ते सोडून. म्हटलं, मागे दोघं ठेवतोस तर देते.

“आपल्या टीमशी असं करशील तू?”

म्हटलं, टीम तुझी. नातू माझा.

टोपी टेबलावर टाकली. मग म्हणाला, रूबेनला ठेवतो दुसरा. मी म्हटलं, बस, ॲपल पाय खा. आणि खूण सांगितली.


गुरुवार, ११ नोव्हेंबर

सराव संपल्यावर दोघांना बोलावलं. लॅनी आणि तो रूबेन एस्पिनोझा, पेट्रोल पंपावरच्या एस्पिनोझाचा. रूबेन दारात टोपी काढतो. आमच्यातल्या कोणाला कधी सुचलं नाही ते.

भाजलेल्या वांग्यांसारखे घामेजलेले दोघं. अर्धा अर्धा ॲपल पाय संपवला. लॅनीला म्हटलं, मागून कोणी काही सांगितलं तर ऐकायचं नाही. तो हसायला लागला. “मीमॉ, मागे रूबेनच असणार, दुसरं कोण?” म्हटलं, रूबेन मागे नाही, तुझ्या बाजूला असणार. मागून आवाज आला तर तो रूबेनचा नाही, एवढं ध्यानात ठेव.

हसणं थांबलं त्याचं.

रूबेनला सांगितलं, तू बॉल थोडा कमी बघ आणि ह्याला जास्त. ह्याची मान वळायला लागली की ओरड. नावाने ओरड. नाही ऐकलं तर थोबाडीत दे. रूबेनने नीट विचारलं, किती जोरात? हुशार पोरगा आहे.

मग त्याने छातीवर क्रूस काढला. आमच्या चर्चमध्ये हे चालत नाही. मी त्याला दूध ओतून दिलं.


शुक्रवार, १२ नोव्हेंबर

वारं पडलं आहे. नोव्हेंबरात इथे वारं पडत नाही.

चार वाजता बस. सामना त्यांच्या गावात.


शनिवार, १३ नोव्हेंबर

जिंकलो! एकवीस-वीस!

सगळं लिहून ठेवते, नाहीतर रॉइस आठवड्याभरात सगळं त्याच्याच डोक्यातून निघालं असं सांगायला लागेल.

अल्कली वेल्स म्हणजे काही नाही. पाण्याची टाकी, शाळा, दिव्यांचे चार खांब. पाहुण्यांचं स्टँड लाकडी, सात बाक. लोक खाली एकमेकांना चिकटून बसले, थंडी होती. वांडा, माझी सून, पॉपकॉर्नच्या रांगेतच राहिली. मुलाचा सामना तिला बघवत नाही. मी सगळ्यात वरच्या बाकावर जाऊन बसले, एकटी. तिथून पूर्ण मैदान दिसतं, आणि लॅनी दिसतो. बाकामागे कठडा, कठड्याखाली माळ. बस्स.

आधी अवघड गेलं. दोन क्वार्टरमध्ये वीस गुण मारले त्यांनी, आमचे सात. पण रॉइस खूण वापरत होता, मला दिसत होतं. बत्तीसचे हात गुडघ्यांवर गेले की बाजूवरून आमचा मदतनीस ओरडायचा. दोनदा फेकणारा पालथा पाडला.

मग तिसरं क्वार्टर. मी नजर हलवली नाही. लॅनी आणि रूबेन, बाजूबाजूला, लग्नातल्या जोडीसारखे. एकदाच लॅनीची मान जराशी हलली आणि रूबेन असा ओरडला की स्टँडात ऐकू आलं. लॅनीने मान सरळ केली. पुढे एकदाही वळला नाही. एकदाही! पूर्ण क्वार्टर मी पापणी लवू दिली नाही, तेव्हा छातीठोक सांगते.

आणि आणखी एक. मोजणं म्हणजे काय ते काल मला कळलं. त्या क्वार्टरमध्ये बॉल कुठे जाणार ते मला आधीच कळत होतं. उजवीकडे. मध्ये. पुन्हा उजवीकडे. खूण बघायचीसुद्धा गरज पडली नाही. अकरा वर्षांचे दाणे कुठेतरी मुरलेच असणार. एकदाही चुकले नाही.

चौथ्यात आम्ही दोनदा रेषा पार केली. शेवटचा बॉल लॅनीनेच हवेतून काढला.

आज सकाळी आला इथे. दाराकडे पाठ करून बसला, सहा अंडी खाल्ली, पाठीमागे दार सताड उघडं. मी बघत राहिले त्याच्या पाठीकडे. काही नाही. पोरगा शाबूत आहे.

नोरीनला फोन केला. सांगितलं. ती म्हणाली, कर्टिस काल संध्याकाळपासून शांत आहे. कोठीतून बाहेर आला, बैठकीत बसून टीव्ही बघितला. पहिल्यांदाच त्याला काही ऐकू येत नाही म्हणे. आम्ही दोघी हसलो. सप्टेंबरनंतर ती पहिल्यांदा हसली असेल.

घसा बसलाय माझा. ओरडले असणार. मानही धरली आहे.


रविवार, १४ नोव्हेंबर

चर्चमध्ये पाद्रीबुवा काय वाचणार ते मला आधीच ठाऊक होतं. नेहमीचंच वाचतात ते.

रॉइस म्हणाला, फिल्म अमरिलोहून धुवून आली की उद्या आणतो. त्यांच्या स्टँडवरून काढली आहे, आमची बाजू समोर. सगळं गाव दिसेल म्हणाला.


सोमवार, १५ नोव्हेंबर

फिल्म बघितली. लॅनी मान वळवत नाही. ते पक्कं.

पलीकडे आमचं स्टँड. वरच्या बाकावर तपकिरी कोट. मी.

तिसरं क्वार्टर सुरू होतं आणि मी मैदानाकडे पाठ करते. संपेपर्यंत तशीच. कठड्यापलीकडे तोंड करून बोलते आहे. हात हलवते, मान डोलवते. मध्येच हसते.

रॉइसला दिसलं नाही. तो बॉल बघत होता.

लॅनीला सांगायचं नाही. नोरीनलाही नाही. ते माझ्यापाशी आहे तोवर पोरांपाशी नाही.

बोलू दे.